पहिले पैसे, पहिली वाईट बातमी: नव्या फाउंडरांसाठी आणि त्यांच्या गुंतवणूकदारांसाठी

स्टार्टअपच्या खात्यातले पैसे आटायला लागले की सगळ्यात आधी बंद पडतो तो गुंतवणूकदाराला दर महिन्याला जाणारा मेल. एक महिना ‘पुढच्या आठवड्यात पाठवू’, दुसरा महिना ‘ती ऑर्डर नक्की झाली की एकदमच कळवू’, आणि तिसऱ्या महिन्यात मेल लिहायचीच लाज वाटायला लागते. तिकडे गुंतवणूकदाराला काहीतरी बिनसल्याचं कळलेलं असतं, पण विचारलं तर मागे लागल्यासारखं दिसेल म्हणून तोही गप्प. कंपनी वाचवायला लागतात तेच महिने या गप्प बसण्यात जातात.

खालची पद्धत पहिल्यांदाच बाहेरचा पैसा घेणाऱ्यांसाठी आहे: २५ लाखांपासून दीड-दोन कोटींपर्यंतची पहिली फेरी, दोन-तीन फाउंडर, पाच-दहा माणसं, आणि गुंतवणूकदारांत एखादे काका, एखादा कॉलेजचा सीनियर, दोन-चार एंजल (नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणारे). कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे असं धरलं आहे.

आधी घरचा हिशोब

कंपनीची एक्सेल शीट करण्याआधी प्रत्येक फाउंडरने एका कागदावर स्वतःच्या घराचा महिन्याचा खर्च लिहावा. भाडं किंवा होम लोनचा हप्ता, किराणा, मुलांची फी, आईवडिलांची औषधं, विम्याचे हप्ते. मग सगळ्या फाउंडरांनी ते कागद एकमेकांना दाखवावेत. हे अवघड जातं, पण यातूनच कळतं की एकाच्या बायकोला आयटीत नोकरी आहे, त्याला वर्षभर पगार नसला तरी चालेल, आणि दुसऱ्याचा ३८ हजारांचा हप्ता आहे, त्याच्या तिसऱ्या महिन्यातच नाकातोंडात पाणी जाईल. हा फरक सुरुवातीला बोलला गेला नाही तर पुढे ‘तुझं मन कामात नाही’ अशा भाषेत बाहेर येतो.

मग तीन गोष्टी ठरवा. एक, पैसे आले की फाउंडर पगार घेणार. घरखर्च भागेल एवढा, कमी का होईना. ‘आम्ही पगारच घेत नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण असा फाउंडर दहाव्या महिन्यात घाबरून निर्णय घेतो. दोन, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, कंपनीच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. तीन, आरोग्य विमा स्वतःच्या नावावर. कंपनीची ग्रुप पॉलिसी कंपनीबरोबर संपते, आणि गरज नेमकी तेव्हाच पडते.

पगार करायला क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, घरातलं सोनं गहाण: हे तिन्ही दरवाजे आजच, डोकं शांत असताना, घरच्यांसमोर बंद करून टाका. संकटाच्या रात्री ‘फक्त एकच महिना’ असं वाटतंच. सोनं सोडवून आणायचं राहून जातं, आणि घरात त्याचा विषय निघायचाही बंद होतो. हे बंद होणं सगळ्यात वाईट.

काकांचे पाच लाख

घरच्यांकडून पैसे घेण्यात गैर काही नाही. मात्र घेण्याआधी एक कसोटी लावा: हे पैसे बुडाले तर पुढच्या दिवाळीला याच घरी फराळाला बसता येईल का? उत्तर देताना क्षणभर जरी अडखळलात, तरी घेऊ नका. निवृत्तीनंतर मिळालेला पीएफ, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे, मोडलेली एफडी यांना हात लावायचा नाही. एकूण बचतीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कोणाकडूनही घेऊ नका, त्यांनी आग्रह केला तरी.

आता कागदपत्रं. इथे बहुतेक नवखे चुकतात आणि चूक दोन वर्षांनी, मोठा गुंतवणूकदार कागद तपासायला बसतो तेव्हा सापडते. नेहमीचा प्रकार असा: काका यूपीआयने पाच लाख कंपनीच्या चालू खात्यात टाकतात, त्यातून त्या महिन्याचे पगार होतात, आणि ‘शेअर नंतर देऊ’ असं ठरतं. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे शेअर देण्यासाठी घेतलेले पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. क्रम असा: आधी सभेचा ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, मग त्या व्यक्तीच्या नावाने ऑफरचं पत्र, मग बँकेतून पैसे (रोख चालत नाही), मग ६० दिवसांच्या आत शेअर वाटप, आणि वाटपानंतर १५ दिवसांत त्या वाटपाची सरकारकडे नोंद करणारा पास-३ (PAS-3) हा फॉर्म. तो फॉर्म भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज. सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) फी वाचवायला हे सगळं टाळलं जातं आणि मग निस्तरायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

‘मग कर्ज म्हणून दाखवू’ हाही मार्ग वाटतो तितका सोपा नाही. संचालकाच्या नातेवाइकाकडून प्रायव्हेट कंपनीला कर्ज घेता येतं. हे पैसे मी स्वतः उसने आणलेले नाहीत असं त्यांनी लिहून द्यायचं. पण मित्र कायद्याने नातेवाईक नाही, आणि काकाही त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्याकडून कंपनीने घेतलेलं साधं कर्ज ‘ठेव’ ठरू शकतं, आणि ठेवींचे नियम कडक आहेत. कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) हवी असेल तर कंपनीला सरकारची स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि एका माणसाने एका हप्त्यात किमान २५ लाख द्यावे लागतात. म्हणून पाच-पाच लाखांच्या मंडळींसाठी शेअर किंवा सक्तीने शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर, हाच नेहमीचा रस्ता. एंजल टॅक्सची (वाजवी किमतीपेक्षा चढ्या भावाने शेअर दिले तर वरच्या पैशांवर कंपनीला लागणाऱ्या कराची) भीती मात्र आता नको. २०१२ मध्ये आलेली ती तरतूद २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाली.

काकांना एक वाक्य तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगा: ‘हे पैसे परत येतीलच असं नाही, आणि आले तर सात-आठ वर्षं लागतील.’ ते हसून ‘अरे, तुझ्यावर विश्वास आहे’ म्हणतील. तरी सही घ्या.

टर्म शीटमधली दोन-तीन कलमं

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद. तिच्यातल्या व्हॅल्युएशनवर (कंपनीच्या ठरवलेल्या किमतीवर) लोक आठवडे भांडतात आणि ज्याने रात्रीची झोप जाते ती कलमं वाचतही नाहीत. एक उदाहरण हातात धरून बघू. कंपनीची किंमत पैसे येण्याआधी ६ कोटी धरली, दीड कोटी आले, म्हणजे नंतरची किंमत साडेसात कोटी आणि गुंतवणूकदाराकडे २० टक्के. तीन वर्षांनी कंपनी ५ कोटींना विकली गेली. कुठलंही विशेष कलम नसेल तर त्याला एक कोटी. ‘आधी माझं मुद्दल किंवा माझा हिस्सा, यातलं जास्त ते’ असं असेल तर दीड कोटी. हे रास्त आहे आणि सर्रास असतं. ‘आधी मुद्दल आणि वर उरलेल्यातही हिस्सा’ असेल तर दीड अधिक साडेतीनचे २० टक्के, म्हणजे २ कोटी २० लाख. आणि ‘दुप्पट मुद्दल, वर हिस्सा’ असेल तर ३ कोटी ४० लाख. बाकी सगळ्यांना मिळून १ कोटी ६० लाख. आकडे असे मांडून दोन्ही बाजूंनी एकत्र बघितले तर निम्मे गैरसमज सहीच्या आधीच मिटतात.

दुसरं, वैयक्तिक हमी. पैसे बुडाले तर फाउंडरने स्वतःच्या खिशातून ठरावीक परताव्याने शेअर परत घ्यायचे, असं कलम काही छोटे गुंतवणूकदार घालतात. ते मान्य केलं तर ती गुंतवणूक राहत नाही, सावकारी होते. ‘फक्त विश्वास म्हणून’ पुढच्या तारखेचे चेक देणं तर मुळीच नको. चेक वटला नाही की मामला फौजदारी होतो. खोटी माहिती दिली, फसवणूक केली तर वैयक्तिक जबाबदारी, एवढंच योग्य. गुंतवणूकदारांनीही विचार करावा: ज्याच्या डोक्यावर घर जाण्याची टांगती तलवार आहे, तो तुम्हाला वाईट बातमी वेळेत कशाला सांगेल?

फाउंडरांचे शेअर चार वर्षांत कमावायचे आणि पहिल्या वर्षाआधी गेला तर काहीच नाही, हे वेस्टिंगचं कलम अपमानाचं वाटतं. ते फाउंडरांनीच मागून घ्यावं. सातव्या महिन्यात परदेशी निघून गेलेल्या मित्राकडे ४० टक्के शेअर राहिले तर पुढे कोणी पैसे घालत नाही.

खात्यात ४२ लाख म्हणजे किती महिने?

समजा, भोसरीत सात माणसांची कंपनी आहे. छोट्या कारखान्यांच्या मशीनवर बसवायचे सेन्सर विकते. खात्यात ४२ लाख. महिन्याचा खर्च: पगार ४ लाख १० हजार, सुटे भाग आणि जोडणी १ लाख ६० हजार, जागा आणि वीज ४५ हजार, सर्व्हर-सॉफ्टवेअर ३५ हजार, प्रवास ३० हजार, सीए-सीएस २० हजार. एकूण ७ लाख. ग्राहकांकडून महिन्याला प्रत्यक्ष खात्यात येतात ते सरासरी अडीच लाख. म्हणजे महिन्याला साडेचार लाख जळतात. फाउंडर भागाकार करतो आणि म्हणतो, नऊ महिने आहेत.

नाहीत. ४२ लाखांतले सगळे आपले नाहीत. जीएसटी भरायचा १ लाख १० हजार, टीडीएस ४० हजार, पुरवठादारांची मंजूर झालेली बिलं १ लाख, आणि माल अजून दिलेला नाही अशा ऑर्डरचा ॲडव्हान्स साडेतीन लाख. सहा लाख गेले, उरले ३६. म्हणजे आठ महिने.

तरीही नाहीत. कंपनी बंद करायची वेळ आली तर माणसांना एक महिन्याचा नोटिशीचा पगार, रजेचे पैसे, जागेचा नोटीस पिरियड, शेवटची बिलं, सीएची फी हे सगळं द्यावं लागेल. या कंपनीसाठी ते आठ लाख धरा आणि वेगळ्या एफडीत टाका. उरले २८ लाख, म्हणजे सहा महिने आणि थोडे दिवस. नवी फेरी उभी करायला चार ते सहा महिने जातात. म्हणजे नऊ महिने आहेत असं समजून निवांत बसलेल्या या फाउंडरचा निर्णयाचा दिवस आजच आहे.

येणी यात धरायची नाहीत. चाकणच्या मोठ्या कंपनीकडे नऊ लाख अडकले असतील तर ते खात्यात येईपर्यंत शून्य. उलट बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो, पैसे येवोत न येवोत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे, तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. प्रत्यक्षात एकुलत्या एका मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कोणी धजावत नाही. पण पाठपुराव्याच्या मेलमध्ये उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची तारीख लिहिली तरी अकाउंट्स विभाग जरा हलतो.

आता या सहा महिन्यांवर तीन रेषा ओढा आणि तारखेसह लिहून ठेवा. सहा महिने उरले की गुंतवणूकदारांना कळवायचं आणि खर्च कापायला घ्यायचा. चार उरले की फाउंडरांचे पगार निम्मे, नवी कामं बंद, गरज पडली तर माणसं कमी. दोन उरले आणि पैशांची लेखी खात्री नसेल तर बंद करण्याची प्रक्रिया सुरू. हे शांत डोक्याने आधी ठरलेलं असलं की त्या दिवशी निर्णय घ्यावा लागत नाही, ठरल्याप्रमाणे करावं लागतं. मनावरचा भार बराच कमी होतो तो इथे.

पैसे कमी पडले की कोणाला आधी द्यायचे, हा क्रमही लिहून ठेवा: टीडीएस (पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत), पीएफ लागू असेल तर तो (१५ तारखेपर्यंत), जीएसटी (दरमहा भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत), मग माणसांचे पगार, मग छोटे पुरवठादार, मग मोठे, सगळ्यात शेवटी फाउंडर. सरकारी रक्कम आधी, कारण ती दुसऱ्याची आहे. आपल्याकडे फक्त भरायला दिलेली. कापलेला टीडीएस किंवा पीएफ वापरून टाकला तर संचालकांवर व्यक्तिशः खटला होऊ शकतो. ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून जीएसटीचे पैसे पगाराला वापरणं, ही बुडत्या कंपन्यांची ठरलेली पहिली पायरी आहे.

मेल: दर महिन्याला, ठरल्या तारखेला

तारीख ठरवा, समजा ७. त्या दिवशी जे आकडे असतील ते जातील. पाचच ओळी पुरतात: खात्यात किती, किती महिने पुरतील, महिन्यात प्रत्यक्ष किती आले, काय बिघडलं, काय मदत हवी. ‘काय बिघडलं’ ही ओळ चांगल्या महिन्यातही रिकामी सोडायची नाही. ज्या मेलमध्ये नेहमी काहीतरी बिघडलेलं असतं, त्यात मोठं बिघडल्याचं लिहायला हात थरथरत नाही.

जाता जाता: फंडिंग मिळालं म्हणून शाल-श्रीफळ, गावच्या पेपरात फोटो, कॉलेजात सत्कार हे टाळता आलं तर टाळा. मिळालेलं फंडिंग ही अंगावर घेतलेली जबाबदारी आहे, नफा नव्हे. सत्कार करणारे हेच लोक दोन वर्षांनी लग्नात भेटून ‘काय रे, कंपनी कशी चाललीय?’ विचारतात आणि फाउंडर समारंभांना जायचंच सोडून देतो. त्या प्रश्नाला एक साधं उत्तर पाठ करून ठेवा: ‘काम चालू आहे, पैशांची ओढाताण आहे, वर्षअखेरीस कळेल.’ खरंही आहे आणि पुढचा प्रश्न थांबतो.

मोठी वाईट बातमी असेल तर ४८ तासांत सांगायची. आधी फोन, सगळ्यात मोठ्या गुंतवणूकदाराला. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना एकच मेल. एकाला फोनवर, दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर, तिसऱ्याला कोणाकडून तरी उडत उडत, असं झालं की ते एकमेकांना फोन करतात आणि कंपनीपेक्षा ‘आपल्याला का नाही सांगितलं’ हाच विषय होतो. भोसरीच्या त्या कंपनीचा मेल साधारण असा असावा:

‘नमस्कार सर, सकाळी फोनवर बोललो ते लेखी कळवतो. चाकणच्या ग्राहकाकडून डिसेंबरमध्ये १२ लाखांची ऑर्डर येणार होती, ती त्यांनी एप्रिलनंतर ढकलली आहे. लेखी ऑर्डर हातात नसताना आम्ही ती धरून चाललो, ही आमची चूक. ३१ ऑक्टोबरला खात्यात ४२ लाख. देणी, ॲडव्हान्स आणि बंद करण्यासाठीची राखीव रक्कम वजा जाता २८ लाख. आजच्या खर्चाने हे एप्रिलअखेरपर्यंत पुरतील. चार महिने उरायची वाट न बघता नोव्हेंबरपासूनच आम्हा दोघांचे पगार निम्मे केले आहेत, दुसऱ्या मॉडेलचं काम थांबवलं आहे. यातून महिन्याला ९० हजार वाचतात, म्हणजे साधारण जूनपर्यंत जाऊ. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. वाळूजमधल्या दोन-तीन कारखानदारांशी ओळख करून द्यावी. आणि पुढच्या फेरीत तुम्ही पैसे घालणार का, ते १५ नोव्हेंबरपर्यंत कळवावं. नाही असेल तरी चालेल, पण तारखेच्या आत कळू दे. पुढचा हिशोब ७ डिसेंबरला.’

यात बाजार थंड असल्याची तक्रार नाही आणि उसना उत्साहही नाही. चूक एका वाक्यात कबूल केली आहे. त्यावर परिच्छेद लिहिला असता तर वाचणाऱ्याला फाउंडरची समजूत काढत बसावं लागलं असतं. मागणी नेमकी आहे आणि तिला तारीख आहे. ‘काही सुचत असेल तर कळवा’ असं लिहिलं की सगळेच सुचवतात आणि करत कोणी नाही.

गुंतवणूकदारांनी काय करायचं

पहिल्यांदाच एंजल म्हणून पैसे घालणाऱ्याच्या मनाची घालमेल फाउंडरपेक्षा कमी नसते, फक्त त्याला ती बोलायची सोय नसते. नोकरीत २० वर्षं घालवून साठवलेले पैसे, घरात न विचारता दिलेले, आणि समोर २७ वर्षांचा मुलगा नवीन लॅपटॉप घेऊन बसलेला. मग दर दोन दिवसांनी फोन होतो. किंवा उलट, भिडेपोटी वर्षभर काहीच विचारलं जात नाही.

यावर इलाज रकमेत आहे. गेले तर गेले म्हणता येतील एवढेच पैसे, आणि तेही एकाच कंपनीत नाही. तीन-चार वर्षांत पंधरा-वीस कंपन्यांत थोडे थोडे, म्हणजे एक बुडाली तर झोप जात नाही. जेवढे या कामासाठी बाजूला काढले आहेत त्यातले निम्मे पहिल्या फेरीत न घालता राखून ठेवा. चांगल्या चाललेल्या कंपनीला दुसऱ्यांदा पैसे लागतात. आणि घरात आधी सांगा.

‘नाही’ म्हणायचं असेल तर आठवड्यात म्हणा. ‘बघू, जरा मार्च एंड होऊ दे’ या वाक्याने फाउंडरचे दोन महिने जातात, कारण तो ते होकार समजतो. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. इथे उलटं आहे.

वरच्यासारखा मेल आला तर पहिलं उत्तर एका दिवसात द्या आणि त्यात सल्ला देऊ नका. ‘मेल मिळाला. वेळेत सांगितलंत, बरं केलंत. शनिवारी ११ वाजता बोलू.’ पुरे. शनिवारी पहिले तीन प्रश्न हेच: माणसांचे पगार झाले आहेत का, सरकारी देणी किती थकली आहेत, आणि तुम्ही स्वतः कोणाकडून वैयक्तिक कर्ज घेतलंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा उशिरा येतं, थांबा. ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य खरं असलं तरी गिळून टाका; ते ऐकलेला फाउंडर पुढची बातमी महिनाभर दाबून ठेवतो.

संचालक मंडळावर बसायचा मोह होतो. थकलेल्या करांसारख्या बाबतीत संचालकाच्या दारातही नोटीस येऊ शकते, म्हणून लहान रकमेसाठी निरीक्षक म्हणून बसणं बरं. मत नाही, पण माहिती सगळी मिळते.

दोघांमधली शांतता

फाउंडर भांडतात तेव्हा काळजी कमी असावी. एकमेकांना ‘ठीक आहे, तुला योग्य वाटतं ते कर’ म्हणायला लागले की काळजी करा. महिन्यातून एकदा, ऑफिसबाहेर, लॅपटॉप न घेता दीड तास बसा. तीनच प्रश्न, दोघांनी आळीपाळीने: या महिन्यात माझ्या कुठल्या गोष्टीचा तुला राग आला? घरी काय चाललंय? अजून वर्षभर हे करायची तुझी तयारी आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर लगेच समजावू नका. वेस्टिंग लिहिलेलं असेल तर तोही रस्ता आधीच ठरलेला आहे.

५०-५० हिस्सा असलेल्या दोन मित्रांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: साधा ठराव मंजूर व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. मतभेद झाला की कंपनी जागच्या जागी अडकते. कुठल्या विषयात शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

झोप उडाली तर

बँकेचा एसएमएस उघडायची भीती, अनोळखी नंबर न उचलणं, पहाटे साडेतीनला जाग येऊन पगाराची बेरीज करणं, दारू वाढणं, मुलांवर खेकसणं. एखाद-दुसरी रात्र प्रत्येकाचीच जाते. दोन आठवडे रोज असंच चाललं असेल तर फॅमिली डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, बीपी वाढल्यावर जातो तसं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ‘मी नसलो तर विम्याच्या पैशांत सगळं फिटेल’ अशा दिशेने विचार जायला लागला असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच क्षणी कोणालातरी शेजारी बसवून घ्या आणि फोन लावा. असं वाक्य फाउंडरच्या तोंडून गमतीत जरी ऐकलं, तरी गुंतवणूकदाराने कंपनीचा विषय तिथेच थांबवावा.

मानसिक आजारांना इतर आजारांसारखंच विमा संरक्षण मिळालं पाहिजे, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. दाखल न होता घेतलेले उपचार मात्र पुष्कळ पॉलिसींत बसत नाहीत, तेवढं तपासून घ्या.

मन मोकळं करायला गुंतवणूकदार हा माणूस नव्हे. तो कितीही चांगला असला तरी त्याचे पैसे अडकलेले आहेत. ज्याचा कंपनीत एक रुपयाही नाही असा दुसरा कोणी फाउंडर शोधा आणि पंधरवड्यातून एकदा चहाला भेटा.

बंद करायचं ठरलं तर

शटर ओढून निघून जाणं हा सगळ्यात महाग मार्ग. वार्षिक विवरणपत्रं भरायची राहिली की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये लागतात, आणि सलग तीन वर्षं भरली नाहीत तर पाच वर्षं कुठल्याच कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही. दुसरी कंपनी काढायला निघालेल्या फाउंडरला हे डिजिटल सही करताना कळतं.

क्रम असा ठेवा. आधी गुंतवणूकदारांना फोन आणि मेल, दुसऱ्या दिवशी सगळ्या माणसांना एकत्र बसवून तोंडी. त्यांना बाहेरून कळता कामा नये. शेवटचा पगार, रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र त्याच महिन्यात. ग्राहकांचे ॲडव्हान्स परत किंवा माल पूर्ण. मग पुरवठादार. सरकारी रक्कम मात्र वरच्या क्रमाप्रमाणे सगळ्यांच्या आधी. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र. शेवटी ७५ टक्के भागभांडवल ज्यांच्याकडे आहे त्या भागधारकांच्या संमतीने किंवा विशेष ठरावाने कंपनीचं नाव सरकारी नोंदीतून काढण्याचा एसटीके-२ हा अर्ज, १० हजार रुपये फी. २०२३ पासून असे अर्ज सी-पेस या केंद्राकडे जातात. अर्जासाठी कंपनीवर एक रुपयाही देणं उरलेलं चालत नाही. एफडीत टाकलेले आठ लाख यासाठी होते.

शेवटचा मेल सगळ्या गुंतवणूकदारांना जातो: एकूण किती आले, कशावर किती गेले, किती परत देत आहोत, काय चुकलं, कोड आणि डिझाइनचं काय केलं. सोबत आणखी एक ओळ असू द्या. हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात. ती खोकी दोघांपैकी कोणाच्या घरी, कुठल्या माळ्यावर ठेवली आहेत, आणि सीएकडे त्याची नोंद आहे की नाही.